पाच मुली, चेहऱ्यासकट

आमच्या मेलबर्नच्या मंडळातली माणसं अजूनही भेटली की म्हणतात, "आजोबा, लॉकडाउनच्या गणपतीत त्या मुलींच्या नाचाचा व्हिडिओ काय सुरेख जोडला होतात तुम्ही." सुरुवातीला मी हसून मान डोलवायचो. मग मान डोलवणं जड व्हायला लागलं. आता वय असं आहे की उद्यावर टाकू नये, म्हणून लिहूनच टाकतो. तो व्हिडिओ मी जोडलेला नाही. मी जोडला होता तो वेगळाच होता, आणि तो मंडळापर्यंत पोचला नाही हे फार बरं झालं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात तो माझ्या नातीने केला. मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो, एवढंच.

त्या वर्षी मी मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागात मुलीकडे पाहुणा म्हणून आलो आणि विमानं बंद झाल्यामुळे घरचाच झालो. मुलगी डॉक्टर. हॉस्पिटलमधून आली की गराजमध्येच चपला सोडायची, कोणाशी न बोलता आंघोळीला जायची आणि मग माणसांत यायची. जावई पुढच्या खोलीचं दार लावून दिवसभर मीटिंगमध्ये. उरलो मी आणि नात. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ती लॅपटॉप उघडून बसायची, दुसऱ्या टोकाला मी चहा घेऊन. युनीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, दुसऱ्या वर्षाला होती, मीडिया शिकत होती आणि शाळेत असल्यापासून कोरियन गाण्यांच्या मागे वेडी होती. तिच्या भिंतीवरच्या पोस्टरांतली सगळी पोरं-पोरी मला एकसारखी दिसतात असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाली, "आजोबा, दॅट्स रेसिस्ट." मी ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाही.

तिला एक असाइनमेंट होती. कोरियन पॉपच्या व्हिडिओंमध्ये बायका कशा दाखवतात आणि पुरुष कसे दाखवतात, यावर लिहायचं होतं. ती एकेक गाणं थांबवत, मागेपुढे करत बघायची. आवाज बंद. मला राहवेना. मी आयुष्यभर संकलक होतो, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेली दृश्यं कापून जोडायचं काम केलं. आवाज बंद करून चित्र बघणं ही आमच्या धंद्यातली सवय, आणि ती पोरगी कोणी न शिकवता तसंच करत होती.

"इथे का कापलंय सांग," मी म्हणालो.

"बीट आहे म्हणून?"

"बीट आधीच येऊन गेला. तिने मान वर केली म्हणून. आता ती तुझ्याकडे बघणार, आणि बघितलं की तू गुंतणार. ते नकोय त्यांना. म्हणून बघायच्या आत कापलं आणि गुडघा दाखवला."

ती माझ्याकडे वळून बघायला लागली. आजोबा म्हणजे डायबेटिसच्या गोळ्या आणि क्रिकेट, इथवरच तिची माझी ओळख. त्या दुपारपासून खुर्ची सरकवून मी तिच्या शेजारी गेलो.

काय काय बघितलं आम्ही. खेळण्याच्या खोक्यात उभ्या केलेल्या मुली. काचेच्या कपाटात, फळीवर ओळीने. गुलाबी खोलीत, बाहुलीच्या घरात, केकवर. आणि मुलग्यांची गाणी लावली की ओसाड कारखाना, गच्ची, पेटलेली मोटार, समुद्र.

"मुलांना जागा देतात," नात म्हणाली, "आणि मुलींना डबा देतात."

मी म्हटलं, मुलग्यांचेही शर्ट फाटतातच की.

"हो, पण शर्ट फाटला तरी त्याचं डोकं धडावर असतं. मुलीचं बघ. पाय आला, कंबर आली, ओठ आले. जोडून बघ, एक मुलगी तयार होते का?"

"आणि हे सगळं असून तुला आवडतं?"

"आवडतं म्हणून तर राग येतो, आजोबा. न आवडणाऱ्या गोष्टीवर कोण एवढा टाइम घालवेल?"

तिने मला दुसरी गाणीही दाखवली. एकात मुली सैल कोट-पॅन्ट घालून सरळ कॅमेऱ्यावर चालून येत होत्या, आणि कॅमेराच मागे मागे सरकत होता. "ही बघ," ती म्हणाली, "ह्यांच्यासाठी मी ते बाकीचं सहन करते." नाच अप्रतिम होता. ज्याने तो चित्रित केला त्याला नाचाचा आदर होता, हे मला धंद्यातला माणूस म्हणून कळलं.

याच सुमारास मंडळाने ठरवलं की गणपती ऑनलाइन करायचा. ज्याने त्याने आपला कार्यक्रम घरी चित्रित करून पाठवायचा. नातीने चार मैत्रिणी जमवल्या, सगळ्या मराठी, सगळ्या युनीतल्या, दोघी लांब उत्तरेकडच्या क्रेगीबर्नच्या, दोघी आमच्याच बाजूच्या. कोरियन गाण्यावर नाच बसवला तो झूमवर, आरशात बघितल्यासारखा उलटासुलटा. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी, त्यामुळे भेटण्याचा प्रश्नच नव्हता. एकीने गराजमध्ये नाच केला, एकीने मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या गोल दोरीखाली, एकीने हॉलमधला सोफा भिंतीला लावून, एकीने झोपायच्या खोलीत पलंग सरकवून. माझी नात थंडीत पॅटिओवर, मागच्या दारच्या फरशीवर, नाचली. फोन खुर्चीला टेकवून ठेवायचा, डोक्यापासून पायापर्यंत दिसेल इतकं लांब जायचं आणि नाचायचं. सैल टीशर्ट, गुडघ्यापर्यंतच्या शॉर्ट्स आणि जाड मोजे.

पाच चौकटी शेजारी शेजारी लावून त्यांनी व्हिडिओ पाठवला. दोन दिवसांत मंडळाचे कार्यक्रम सांभाळणाऱ्या वहिनींचा फोन आला. त्यांचीच एक मुलगी या पाचात होती.

"काका, मुलींनी छान केलंय, पण सपाट वाटतंय हो. सगळं लांबून. कमिटीत कोणीतरी म्हणालं की ओरिजिनल गाण्यात कसा चमचमाट असतो. तुम्ही फिल्मवाले ना? जरा हात फिरवा की."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. कित्येक वर्षांत कोणी मला हात फिरवायला सांगितलं नव्हतं. नात म्हणाली, "कर, मला चालेल, माझी असाइनमेंट ड्यू आहे." तिने मला सॉफ्टवेअर उघडून दिलं. दोन-तीन दिवस दुपारी, ती तिच्या खोलीत लिहीत असताना, मी टेबलावर कापत बसलो. बोटं जुनी झाली होती, पण कुठे कापायचं ते कान सांगत होते. मूळ दृश्य लांबचं असलं तरी आता यंत्रात ते हवं तेवढं मोठं करता येतं. मी मोठं केलं. चौकटी मोडल्या, तुकडे केले, तुकडे तालावर बसवले. गाणं असं सुसाट निघालं की मी एकटाच टेबलावर ठेका धरून बसलो.

मग नातीला बोलावलं. तिने उभ्या उभ्या पूर्ण पाहिलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, शाबासकीची वाट बघत.

"परत लाव," ती म्हणाली. मी लावलं. मध्येच तिने हात पुढे करून थांबवलं. "हा पाय कोणाचा आहे?"

"असेल कोणाचातरी. तालावर बघ कसा बसलाय."

तिने थोडं पुढे नेऊन पुन्हा थांबवलं. "ही कोण?"

पडद्यावर गळ्यापासून कमरेपर्यंतचा एक टीशर्ट होता. मला सांगता येईना. यातली एक माझी नात, बाकी चौघी लॉकडाउनआधी आमच्या घरी पोहे खाऊन गेलेल्या. कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोण कोथिंबीर बाजूला काढते, हे मला ठाऊक. आणि मी त्यांचं असं केलं होतं की माझं मला ओळखू येईना. तिने आणखी दोनदा थांबवलं. मग थांबवायचं सोडून दिलं.

"आजोबा, आपण तीन आठवडे काय बघत होतो?"

ती रागावली नव्हती, ते जास्त लागलं. मी मुद्दाम काही केलं नव्हतं. बाई नाचायला लागली की माझा हात आपोआप तिकडेच जातो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण ते मी कौशल्य समजत होतो.

घरात सगळ्यांना मी सांगत आलो होतो की मी जाहिराती आणि माहितीपट जोडायचो. तेही खरं. पण नव्वदच्या दशकात गाण्यांच्या अल्बमची लाट आली तेव्हा घर चाललं ते त्या अल्बमवर. ओल्या साड्या, वाळू, पाठमोरी वळणं. माझ्या मुलीचं मेडिकलचं शिक्षण त्यातून झालं आणि ते तिला आजवर माहीत नव्हतं. तेव्हा अशा एका गाण्यात नाचलेली मुलगी एकदा आमच्या एडिटिंगच्या खोलीत आली होती, आईला घेऊन, पेढे घेऊन. आपलं गाणं तयार झालं ते आईला दाखवायचं म्हणून. मी लावलं. संपल्यावर ती म्हणाली, "दादा, ह्यात माझा चेहरा कुठे आहे?" मी म्हणालो, "चेहरा बघायला कोण बसलंय?" खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. तिची आई पेढ्याच्या खोक्याचा दोरा पुन्हा बांधत राहिली, ऐकू न आल्यासारखी. नंतर ती मुलगी कुठल्या गाण्यात दिसली नाही. मी चौकशीही केली नाही.

हे मी नातीला सांगितलं. मला वाटलं ती उठून जाईल. ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"आईला माहितीये?"

"नाही."

"सांग तिला. पण आधी हे दुरुस्त करू. आणि आजोबा, प्लीज कीबोर्डवर रडू नको, तो युनीचा आहे."

मग आम्ही कामाला लागलो, म्हणजे ती कामाला लागली. माझी सगळी कापाकापी तिने पुसून टाकली आणि नियम एकच ठेवला. कुठलंही दृश्य घ्यायचं तर ते जिचं आहे तिला विचारून. व्हिडिओ कॉलवर एकेक मैत्रीण यायची, आम्ही दाखवायचो, ती सांगायची. संकलकाच्या खोलीत नाचणारीला असं विचारलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. क्रेगीबर्नची एकजण म्हणाली, "माझे पाय जवळून दाखवा ना. तो फुटवर्क मी इतका घोटलाय, कार्पेट झिजलं आमचं. बाबा ओरडले." मी चपापून नातीकडे बघितलं. ती म्हणाली, "तिला हवेत तर दाखवायचे. फक्त पायांनंतर वर जाऊ, म्हणजे ते कोणाचे हे कळेल." तसं केलं. पाय सुटे करून जोडायचे आणि पायांवरून वर चेहऱ्यावर जायचं, या दोन्हींत दोन सेकंदांचा फरक. पण वर गेलं की ती पोरगी हसतेय, घामेघूम, स्वतःवर खूश, आणि ते पाय एकदम तिचे होतात.

माझ्याकडून तिने एक गोष्ट घेतली. नजरेवर कापायचं. पूर्वी मी मुलगी बघायच्या आत कापायचो. आता तिने बघेपर्यंत थांबायचं, तिची नजर पूर्ण होऊ द्यायची आणि मग पुढच्या मुलीवर जायचं, जणू एकीने दुसरीला हाक मारली. गराजमधून अंगणात, अंगणातून हॉलमध्ये. पाच घरांत अडकलेल्या मुली एकमेकींकडे बघून नाचतायत असं वाटायला लागलं. हे मला कधी सुचलं नव्हतं. तिला सुचलं.

मुलीला मी त्या रविवारी सांगितलं. ती ऐकून घेत भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मला अंदाज होता. तुमचं नाव टीव्हीवर यायचं आणि तुम्ही उठून चॅनल बदलायचात." आणि निवडलेली मेथी माझ्या पुढ्यात सरकवून गेली, चिरायला.

कार्यक्रमाआधी कमिटीने सगळे व्हिडिओ झूमवर बघितले. आमचा लागला, संपला. मग एक डॉक्टर काका म्हणाले, "मुलींची मेहनत दिसते. पण गणपतीत कोरियन? त्यात शॉर्ट्स. नऊवारीत एखादी लावणी केली असती तर..."

वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर, गेल्या वर्षी गणपतीतच तुम्ही पंजाबी भांगडा केलात. तोही लुंगीत."

सगळे हसले. डॉक्टर काकाही हसले, पण मुद्दा सोडेनात. "तसं नाही हो. आता हे आहे ते ना धड आपलं, ना धड त्यांच्यासारखं ग्लॅमरस. आजोबा, तुम्ही एक्सपर्ट. तुम्हीच सांगा. थोडे क्लोजअप हवे होते की नाही?"

नातीने माझ्याकडे बघितलं नाही. स्क्रीनकडे बघत बसली. सोपं उत्तर मला येत होतं. हो, थोडे हवे होते, बघतो मी. माझी जुनी फाइल मी पुसलेली नव्हती. ती दिली असती तर सगळे खूश झाले असते, मुलींचा नाच निर्विघ्न लागला असता आणि पाच मुलींना स्वतःचा तुकडातुकडा बघावा लागला असता, गणपतीसमोर, आईबापांच्या शेजारी बसून.

मी म्हणालो, "डॉक्टर, क्लोजअपचा एक व्हिडिओ मी केला होता. तो टाकाऊ होता. मी हयातभर नाचणाऱ्या बायकांचे तुकडे करून विकले, त्यामुळे मला दुसरं येत नव्हतं. हे आमच्या नातीने केलंय. हे मला जमलं नसतं. यातलं एकही दृश्य हलवायचं असेल तर ते जिचं आहे त्या मुलीला तुम्ही फोन करून विचारा, मला नको."

जावई खोलीच्या दारात उभा राहून ऐकत होता. मला वाटतं तो पहिल्यांदाच मीटिंग सोडून आला.

मग वहिनी बोलल्या. "माझी लेक घरात मान खाली घालून असते. फोनमध्ये. ती अशी सरळ समोर बघते, हे मला आज कळलं. मी तरी यातलं काही हलवू देणार नाही." डॉक्टर काकांच्या मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, लावा ना. छान आहे." आणि विषय संपला. मला असा विजय धंद्यात कधी मिळाला नव्हता. आमच्याकडे निर्माता शेवटचा शब्द बोलायचा आणि आम्ही कापायचो. इथे एक वीस वर्षांची मुलगी काहीही कापू न देता जिंकली होती.

गणपतीच्या दिवशी आरती झाली. शंभर घरांतून शंभर तालांत टाळ्या, प्रत्येकाचा आवाज इंटरनेटच्या मर्जीने मागेपुढे, शेवटी भटजीकाका म्हणाले, "सगळे म्यूट व्हा, बाप्पाला काही कळत नाहीये." मग कार्यक्रम सुरू झाले. आमचा नाच लागला तेव्हा मुलगी शिफ्टवरून नुकतीच आली होती, ओल्या केसांनी, गालांवर मास्कचे वळ घेऊन. ती सोफ्याच्या हातावर टेकली आणि शेवटपर्यंत उठली नाही. स्क्रीनच्या कडेला लोकांचे संदेश धावत होते. पुण्याहून कोणाची आजी, ठाण्याहून कोणाची आत्या. गराजमधली आमची. दोरीखाली आहे ती माझी भाची. पायवाली कोण, तिला ओवाळा रे कोणीतरी. प्रत्येकाला आपापली मुलगी सापडत होती. हॉस्पिटलमध्ये आपली माणसं काचेतून बघायची असे ते दिवस, महिनोन् महिने कोणी कोणाला भेटलेलं नाही, आणि इथे पाच पोरी पाची खंडांतल्या नातेवाइकांच्या डोळ्यात डोळे घालून नाचत होत्या. मी आयुष्यात जेवढं जोडलं त्यातलं काहीही कोणी असं आपलं माणूस शोधत बघितलेलं नाही.

शेवटी निवेदकाने माझे आभार मानले, ज्येष्ठ संकलक आणि काय काय. मी ओरडत होतो की मी नाही, ही, ही. पण मी म्यूट होतो. बटण सापडेपर्यंत पुढचं भजन सुरू झालं. गैरसमज तिथून पसरला. नात हसून हसून खाली बसली. "राहू दे, आजोबा," म्हणाली, "तुझा चेहरा तरी दिसला सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी लॉकडाउनच्या नियमात बसणाऱ्या आमच्या एका तासाच्या चालण्याला आम्ही निघालो. गारठा होता. दोघांच्याही तोंडावर मास्क, नातीच्या डोक्यावर कानटोपी, म्हणजे दिसत काय होते तर डोळे. इथली वॉटलची झाडं पिवळी फुलायला लागली होती. समोरच्या फुटपाथवरून साडीवर जाड जॅकेट घातलेल्या एक बाई प्रॅम ढकलत येत होत्या. आमच्या ओळखीच्या नव्हत्या. पुढे गेल्या, थांबल्या, प्रॅम वळवली आणि रस्त्यापलीकडूनच मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं, तू कालची ना? पॅटिओवाली?"

नातीने मास्कच्या आतून हो म्हटलं.

"तरीच. बघतेयस कशी त्यावरून ओळखलं." मग प्रॅममधल्या बाळाला उचलून त्यांनी आमच्याकडे तोंड करून धरलं. "बघ सोनू, काल आपण बघितली ना, ती ताई."